मैत्रीण नको, रूममेट हवी

प्रश्न : काकू, मी दोडामार्गची. बांबोळीला लॅब टेक्निशियन आहे आणि सांताक्रूझला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहते. भाडं २० हजार, डिपॉझिट ४० हजार. माझी रूममेट फोंड्याची. डिसेंबरात तिचं लग्न आहे, नोव्हेंबरअखेर ती जागा सोडतेय. एकटीला एवढं भाडं झेपणार नाही.

तीन मुली विचारताहेत. पहिली माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिला वेर्ण्याला नोकरी लागलीय. आई म्हणते, घरचीच मुलगी असताना परकी कशाला? दुसरी बेळगावची, शुद्ध शाकाहारी, घरून काम करते, बोलायला फार गोड. तिसरी काणकोणची, नर्स आहे, शिफ्ट ड्युटी. फोनवर दोन वाक्यं बोलली आणि ‘ड्युटीवर आहे, नंतर बोलते’ म्हणून ठेवून दिला. मी सकाळी साडेसहाला घर सोडते, रात्री दहाला झोपते आणि सोमवार सोडला तर मला माशाशिवाय जेवण जात नाही. कुणाला निवडू? आणि विचारायचं तरी काय? मुलाखत घेतल्यासारखं होतं, लाज वाटते.
— एक वाचक, सांताक्रूझ

उत्तर : लाज कसली, बाय? लग्नाच्या मुलाला आपण पगार विचारतो, आणि जिच्यासोबत एक न्हाणीघर वापरायचं तिला विचारायचं नाही?

म्हापशाच्या आमच्या घराचा वरचा मजला मी बरीच वर्षं नोकरी करणाऱ्या मुलींना देत आलेय. त्यामुळे भांडणं जिन्यातून ऐकलीत आणि बऱ्याचदा मिटवायलाही गेलेय. एकदा डिचोलीच्या दोन जिवलग मैत्रिणी आल्या. एकीला पहाटेची पहिली कदंबा बस पकडायची असायची, दुसरी रात्री एक वाजेपर्यंत फोनवर हसत बसायची. परकी असती तर पहिलीने सरळ दार वाजवून ‘हळू बोल गं’ म्हटलं असतं. मैत्रिणीला कसं म्हणणार? मग मनात साठत गेलं. पावसाळा सरेपर्यंत दोघी माझ्यामार्फत बोलायला लागल्या. ‘काकू, दूध संपलंय म्हणून सांगा तिला.’ त्यांच्यानंतरच्या दोघी बँकेतली एक आणि नर्स एक. एकमेकींना धड भेटायच्या त्या फक्त रविवारी. एकीचं लग्न होईपर्यंत मजेत राहिल्या.

म्हणून आईला सांग, घरची मुलगी घरचीच राहू दे. शिवाय तिची नोकरी वेर्ण्याला. नवा झुआरी पूल झाला, आता पूर्वीसारखं ताटकळावं लागत नाही हे खरं, पण रोज सांताक्रूझहून जाऊन-येऊन करण्यापेक्षा तिला कुठ्ठाळी, वास्को नाहीतर मडगाव सोयीचं. कंपनीची बस असेल तर ती कुठून सुटते ते तिलाच विचारायला लाव. कदाचित ती तुझ्याकडे राहायला येतेय ती फक्त तुझ्यासाठी. अशी माणसं दोन महिन्यांत थकतात आणि जागा सोडतात, मग तू परत जाहिरात लिहीत बसशील. नकार देताना हेच कारण दे. खरं आहे आणि बोचणारंही नाही.

बेळगावची मुलगी गोड बोलते, चांगलंच आहे, पण तिच्या गोडव्याचा आणि तुझ्या बांगड्याचा संबंध काय ते बघ. शाकाहारी मुलीबरोबर राहताच येत नाही असं नाही. माझ्याकडे अशी जोडी राहून गेलीय. पण ‘मला काही प्रॉब्लेम नाही’ या वाक्यावर जाऊ नकोस. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा आपण काय खातो? खारे बांगडे आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, आणि तव्यावर खारा बांगडा. तो वास ज्याने कधी घेतला नाही, त्याचं ‘प्रॉब्लेम नाही’ कशाच्या जोरावर? स्पष्ट विचार. तवा वेगळा हवा का? फ्रीजमध्ये मासे चालतील का? आणि माशाची घाण? कचऱ्याची गाडी येईपर्यंत खवले-आतडी पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायची आपली सवय. तिच्या मटारशेजारी ती पिशवी दिसली की काय होईल ते मी सांगायला नको.

दुसरं म्हणजे घरून काम. तू दिवसभर बाहेर, ती दिवसभर घरात. पंखा, इंटरनेट, गॅस जास्त तिचाच. आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांचं काम असेल तर कॉल रात्रीचे, नेमके तुझ्या झोपेच्या वेळी. ‘कामाची वेळ काय?’ एवढंच विचारून थांबू नकोस. ‘रात्रीचा शेवटचा कॉल किती वाजता संपतो?’ असं विचार.

राहिली काणकोणची. फोनवर दोन वाक्यं बोलली म्हणून तू तिला शेवटी टाकलंयस. ड्युटीवर असताना ती गप्पा मारत बसली नाही, हा मला गुण वाटतो. तिला मासे चालतात की नाही ते विचारावं लागेल. काणकोणची आहे एवढ्यावरून मी ते गृहीत धरणार नाही. तिची अडचण निराळीच. नाइट करून ती सकाळी आली की दिवसा झोपणार. तुझ्या सुट्टीच्या दिवशी तू कुकर लावशील, मिक्सर फिरवशील. तेव्हा रोस्टर फ्रीजवर चिकटवायचं, नाइटच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिक्सर नाही, आणि ती रात्री-अपरात्री आली तर आतून कडी नाही, लॅचवर. तीन गोष्टी, त्याही झेपणाऱ्या. मी असते तर आधी तिला बोलावलं असतं.

बोलव मात्र घरी, कॅफेत नको. कॅफेत सगळेच नीटनेटके असतात. संध्याकाळी ये म्हणावं, स्वयंपाकघरात उभं राहून चहा कर आणि बोल. चहा झाल्यावर गाळणीतला चोथा कुठे जातो बघ. सिंकमध्ये आपटला, की ‘ओल्याचा डबा कुठला?’ म्हणून विचारलं? कप धुतला, निदान उचलून सिंकपाशी नेला का? एक दिवस पाहुणी म्हणून आलेल्या मुलीने भांडी घासावीत अशी माझी अपेक्षा नाही, पण नजर कळते.

आणि प्रश्न असे विचार की उत्तरात ‘हो’ म्हणून सुटता येऊ नये. ‘तू स्वच्छ आहेस का?’ याला कोण नाही म्हणणार? ‘काल रात्रीची भांडी कधी घासलीस?’ असं विचार. ‘आधीची जागा का सोडलीस?’ हे तर विचारच. उत्तरात आधीची रूममेट, त्याआधीची रूममेट आणि घरमालक असे सगळेच वाईट निघाले, तर चहा पाजून निरोप दे. तुझंही तिला सांग. साडेसहाला निघायचं म्हणजे साडेपाचला बाथरूममध्ये बादली वाजणार. पावसात कपडे वाळत नाहीत, बाल्कनीतली दोरी एकच, ती कुणाची कधी हे आत्ता हसण्यावारी नेलंत तर जुलैत रडाल. येणारं-जाणारं माणूस, मित्र, राहायला येणारे भाऊ-बहीण, याबद्दलही मोघम नको.

आता पैशाचं. दोन्ही खोल्या सारख्या असतील तर दहा-दहा. एका खोलीला बाथरूम आतच आणि बाल्कनी असेल, तर तिने ११ आणि दुसरीने ९ द्यावेत, हे मला न्याय्य वाटतं. एसी एकाच खोलीत असेल तर विजेचं बिल निम्मं-निम्मं करू नका. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की आठ-दहा युनिटं सहज जातात, महिन्याचा हिशेब तूच कर. चतुर्थीला दोघी गावाला गेलात तरी भाडं चालूच राहतं, ‘मी दहा दिवस नव्हतेच’ हे गणित भाड्याला लागत नाही. गॅस आणि नेटला मात्र कुणी महिनाभर नसेल तर सूट द्यावी, एवढं मन मोठं असावं.

डिपॉझिटचं नीट ऐक, इथे पोरी फसतात. जाणारीचे २० हजार येणारीने तिच्या हातात ठेवायचे आणि घरमालकाला कळवायचंही नाही, अशी आपल्याकडे सर्रास पद्धत. मग शेवटी घरमालक म्हणतो, मी तुला ओळखतच नाही. तेव्हा फोंड्याची मुलगी जायच्या आधी तिघी आणि घरमालक मिळून घर बघा. गीझर, नळ, भिंतीला पडलेली भोकं, काय मोडलंय ते तिच्याच वाट्यातून वजा होऊ दे. नवीने पैसे दिले की घरमालकाकडून निदान मेसेजवर तरी लिहून घ्या, इतके हजार आता हिच्या नावावर. विजेच्या मीटरचा त्या दिवशीचा फोटो काढून ठेवा.

करारावरही नाव बदलून घे. आपले करार बहुतेक ११ महिन्यांचे असतात, कारण १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावाच लागतो आणि तो खर्च कुणालाच नको असतो. करारावर तुझं एकटीचं नाव राहिलं आणि ती मधूनच निघून गेली, तर पूर्ण २० हजारांसाठी घरमालक तुझ्याच दारात उभा राहील. दोघींची नावं हवीत, आणि सोडायची तर एक महिना आधी सांगायचं, हेही त्यात हवं. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देणं गोव्यात घरमालकाला बंधनकारक आहे. नव्या मुलीचा फॉर्म भरून घे म्हणून तूच त्याच्या मागे लाग. आधारची प्रत आणि फोटो द्यायला जी मुलगी आजचं उद्यावर ढकलते, तिच्याबद्दल मी दोनदा विचार करीन.

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा, पर्वरीला एका मित्रासोबत भाड्याने राहतो. तो चांगला आहे, पैशाला चोख. पण गोव्यात रूम आहे म्हटल्यावर त्याचे पुण्या-मुंबईचे मित्र प्रत्येक लाँग वीकेंडला येऊन धडकतात. हॉलमध्ये चार-पाच जण झोपलेले असतात, सकाळी बाथरूमला रांग, टाकीतलं पाणी संपतं. बोललं तर आपण कंजूष दिसू असं वाटतं.
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : गोव्यात भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी हे आहे. गोव्यात ओळखीचं कुणी आहे कळलं की शाळेतल्या बाकावरचा सोबतीसुद्धा फोन करतो. तुमचेही कोल्हापूरकर येत असतीलच, तेव्हा नियम दोघांना सारखा ठेवा. महिन्यातून एकदा, दोन रात्री, एका वेळी दोन माणसं. त्यापेक्षा जास्त असतील तर त्यांनी लॉज बघावं, म्हापशापासून पणजीपर्यंत खोल्यांना तोटा नाही. पाहुणे ज्याचे, त्याने पाण्याच्या टँकरचे आणि सफाईचे पैसे द्यायचे. नाताळ ते नववर्ष आणि कार्निव्हल हे दिवस वेगळे ठरवा, नाहीतर दोघांचीही गावं तुमच्या हॉलमध्ये भेटतील.

घरमालकाचा मुद्दा पुढे करायला हरकत नाही. रोज नवी तोंडं दिसायला लागली की सोसायटीवाले त्याला फोन करतात आणि करार दोघांचाच असल्याने तो दोघांनाही काढू शकतो. मित्राला हे सांगा, पण पाहुणे दारात चपला काढत असताना नको. पुढच्या सुट्टीला अजून वेळ असेल तेव्हा, दोघंच असताना.