परसातील झाडे: आडोसा, सावली आणि फॉलचे रंग

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. आमच्या परसात असलेला ॲशचा मोठा वृक्ष कीड लागून वाळल्यामुळे गेल्या वर्षी तोडावा लागला. आता उत्तरेकडच्या दुमजली घराच्या वरच्या खिडकीतून आमचा सगळा डेक (घरामागचा लाकडी ओटा) दिसतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेच्या उन्हामुळे तेथे बसता येत नाही. आडोसा, सावली आणि फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, लालभडक रंग या तिन्ही गोष्टी देणारे एखादे झाड आपण सुचवाल का? नर्सरीने कुंपणालगत आर्बरव्हायटी या सदाहरित झाडाची सलग रांग आणि मध्ये एक ‘क्रिम्सन किंग’ मेपल असा सल्ला दिला आहे.
– एक वाचक, एडिसन

उत्तर : तिन्ही कामे एकट्याने करणारे झाड नाही. जे झाड फॉलमध्ये रंगते ते पुढे पाने गाळणारच आणि मग सुमारे पाच महिने त्याचा आडोसा उरत नाही; ज्याचा आडोसा बारा महिने टिकतो ते सदाहरित असल्यामुळे रंगत नाही. म्हणून कामे दिशांप्रमाणे वाटून द्यावीत, आणि आपल्या जागेची रचना त्याला अनुकूल आहे. उत्तरेला सदाहरित झाडे लावली तर खिडकी झाकली जाईल, हिवाळ्यात त्या बाजूने येणारा बोचरा वारा अडेल आणि दक्षिणेकडून येणारे थंडीतले मोलाचे ऊन मात्र अडणार नाही. पश्चिमेला पानझडी वृक्ष लावला तर उन्हाळ्यात सावली मिळेल आणि पाने गळल्यावर ऊन पुन्हा डेकवर येईल.

झाड किती उंच हवे, हे आधी मोजून पाहावे. डेकवरच्या खुर्चीत बसल्यावर आपली नजर जमिनीपासून साधारण 4 फुटांवर असते. शेजाऱ्यांची खिडकी 16 फुटांवर आणि त्यांची भिंत डेकपासून 60 फूट दूर आहे असे धरले, तर दोहोंच्या बरोबर मध्ये ती दृष्टिरेषा 10 फूट उंचीवरून जाते आणि डेकपासून 40 फुटांवरच्या कुंपणाशी 12 फूट उंचीवरून. याचा अर्थ, 6 फुटी कुंपण येथे निरुपयोगी आहे. पण 50 फुटी भिंत उभारण्याचीही गरज नाही. तीन-चार झाडे थोडी आत, डेकच्या बाजूला सरकवून मागेपुढे लावली तर कमी उंचीत काम होते आणि सरळ रांगेचा रुक्षपणाही टळतो.

आर्बरव्हायटीच्या सलग रांगेबाबत माझे मत प्रतिकूल आहे. ‘एमराल्ड ग्रीन’ हा तिचा नेहमी विकला जाणारा प्रकार हरणांचे आवडते खाद्य आहे, आणि आपल्या भागात हरणे अंगणापर्यंत येतात. बर्फ पडल्यावर खायला दुसरे काही उरले नाही की ती या झाडांना तोंड पोहोचेल तेथपर्यंत ओरबाडून ठेवतात. ‘ग्रीन जायंट’ या तिच्या दुसऱ्या प्रकाराला ती तुलनेने कमी त्रास देतात आणि ते झाड वर्षाला 3 फुटांपर्यंत वाढू शकते, परंतु त्याचा घेर पुढे 12 फुटांच्या वर जातो, हे विसरून लोक ते 4-5 फुटांच्या अंतराने लावतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकाच जातीची रांग एकाच किडीला बळी पडते. आपला ॲश ज्या किडीने गेला असण्याची दाट शक्यता आहे, तो हिरवा भुंगेरा 2002 मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि 2014 मध्ये न्यू जर्सीत पोहोचला. ज्या रस्त्यांवर दुतर्फा ॲशच होते, ते रस्ते उघडे पडले. म्हणून लवकर वाढणारी एक-दोन ‘ग्रीन जायंट’, त्यांच्या जोडीला ईस्टर्न रेड सीडर आणि अमेरिकन हॉली असे मिश्रण करावे. शेवटची दोन्ही झाडे याच मातीतली असून हरणे सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. हॉलीची वाढ सावकाश होते. तिची लाल फळे हवी असतील तर मादी झाडाच्या आसपास एखादे नर झाड असावे लागते.

‘क्रिम्सन किंग’ घेऊ नये. ती नॉर्वे मेपलची जात आहे. तिची पाने उन्हाळाभर काळपट जांभळी राहतात, फॉलमध्ये मात्र तिला आपल्याला हवी ती झळाळी येत नाही. शिवाय नॉर्वे मेपल परदेशातून येऊन येथील रानांत घुसलेला आहे आणि त्याच्या दाट सावलीत व उथळ मुळांत गवतही धड वाढत नाही. ब्रॅडफोर्ड पेअर या शोभेच्या झाडाचाही मोह टाळावा: त्याच्या फांद्या वादळात फाटतात, आणि त्याचा रानोमाळ प्रसार पाहून ओहायोने 2023 पासून, तर पेन्सिल्व्हेनियाने 2024 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

पश्चिमेसाठी माझी पहिली पसंती रेड मेपलच्या ‘ऑक्टोबर ग्लोरी’ या जातीला आहे. ती न्यू जर्सीतल्याच प्रिन्स्टन नर्सरीजने 1961 मध्ये बाजारात आणली. ती उशिरा रंगते आणि तिचा लाल रंग भरवशाचा असतो. मेपलची मुळे वरवर पसरतात, त्यामुळे डेकपासून आणि फरशीपासून 20 फूट अंतर ठेवावे. वाट पाहण्याची तयारी असेल तर ब्लॅक गम लावावा. त्याची वाढ मंद असली तरी त्याच्या शेंदरी लाल रंगापुढे मेपलही फिका वाटतो, असे मला तरी वाटते. त्याचे रोप लहानच घ्यावे, कारण मोठे झाड स्थलांतर सोसत नाही.

झाड कोणतेही असो, ते भरपूर ऊन मिळेल अशा जागी हवे. पानांतला पिवळा रंग मुळात असतोच. दिवस लहान होऊ लागले आणि हरितद्रव्य ओसरले की तो दिसू लागतो. लाल रंग मात्र पान आपल्यातील साखरेपासून त्या दिवसांत नव्याने तयार करते, आणि त्यासाठी लख्ख ऊन व थंड, पण न गोठणाऱ्या रात्री लागतात. सावलीतला मेपल म्हणूनच पिवळट राहतो.

खणण्यापूर्वी किमान तीन कामाचे दिवस आधी 811 या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात. ही सेवा विनामूल्य आहे. ॲशच्या बुंध्याच्या नेमक्या जागी नवे झाड लावू नये, काही फूट बाजूला लावावे. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण त्याच्या उंचीपेक्षा खोल नसावा. खोड जेथे रुंदावून मुळांत उतरते तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. नर्सरीच्या कुंडीत तो बहुधा गाडलेला असतो, तेव्हा वरची माती हाताने बाजूला करून तो शोधावा. मल्च, म्हणजे झाडाभोवती मातीवर पसरायचे आच्छादन, 2-3 इंच जाडीचे आणि खोडापासून काही इंच दूर असावे. खोडाभोवती मल्चची टेकडी रचण्याची जी पद्धत जागोजागी दिसते, तिने साल कुजते. लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी आणि जमीन गोठेपर्यंत पाणी देत राहावे.

प्रश्न : पुण्यातील बंगल्याच्या आवारात मेपल लावल्यास तो असा रंगेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. या मेपलना दीर्घ, कडक थंडीची विश्रांती लागते आणि पुण्याचा हिवाळा त्यांना पुरत नाही. रंगच हवा असेल तर देशी बदाम लावावा. हिवाळ्यात गळण्याआधी त्याची पाने तांबडीलाल होतात आणि मजल्यांसारख्या आडव्या पसरणाऱ्या त्याच्या फांद्यांची सावलीही उत्तम पडते. जागा प्रशस्त असेल तर कुसुंबाचा विचार करावा. तो पानगळीत नव्हे, तर वसंतात रंगतो: त्याची कोवळी पालवीच लाल असते. आडोशासाठी सीता अशोक किंवा बकुळ ही दोन्ही सदाहरित झाडे योग्य. मात्र बकुळ फार सावकाश वाढते, त्यामुळे तिचे रोप निदान पाच-सहा फुटांचे घ्यावे.