सेंटर स्टँड नसलेल्या गाडीची चेन घरी एकट्याने सांभाळता येते का?

गाडीला सेंटर स्टँड नसताना चेन साफ करणे, चेन ताणणे आणि ऑइल तपासणे ही कामे घरी एकट्याने करता येतात का, आणि त्यासाठी पॅडॉक स्टँड (मागचे चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) घ्यावाच लागतो का, असा आपला प्रश्न आहे. घ्यावा लागत नाही. ही तिन्ही कामे मी त्याच्याशिवायच करत आले आहे. सेंटर स्टँड नसलेल्या गाडीची निगा राखताच येत नाही, हे माझ्या काकांचे मत मला गाडी घेताना पटले नव्हते आणि आज तर मुळीच पटत नाही.

सफाईसाठी चाक अधांतरी असावे लागते, हा समज निव्वळ सवयीतून आलेला आहे. चेन ११० कड्यांची आणि मागचे स्प्रॉकेट (चेन ज्यावर बसते ते दातेरी चक्र) ४२ दातांचे असेल, तर सगळी चेन एकदा फिरून यायला चाकाचे अडीचहून थोडे जास्त फेरे, म्हणजे साधारण पाच मीटर अंतर लागते. एका कडीवर खडूने खूण करावी, खालच्या बाजूची चेन रॉकेलच्या ब्रशने घासून पुसावी, मग गाडी थोडी पुढे ढकलून पुन्हा साइड स्टँडवर लावावी आणि ती सरकू नये म्हणून पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. तीन-चार वेळा असे केले की खूण परत समोर येते. त्यानंतर लूब, म्हणजे वंगण, मारायचे ते चेनच्या आतल्या बाजूने.

चेन ताणण्याची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगावी लागेल, कारण माझे नुकसान तिथेच झाले. माझ्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत चेनचा झोल, म्हणजे ती मधोमध वरखाली जेवढी हलते ते अंतर, २५ ते ३५ मिलिमीटर असावा आणि तो गाडी साइड स्टँडवर असताना मोजावा, असे स्पष्ट छापलेले आहे. काका म्हणाले, "अगं, तिरक्या गाडीवर कसली मापं घेतेस? चाक मोकळं पाहिजे." त्यांनी मोटारीचा जॅक उजव्या बाजूने फ्रेमखाली लावला, पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबरी पट्टीने बांधला आणि साइड स्टँड व जॅक यांच्या आधारावर मागचे चाक उचलले. ते काम त्यांनी सफाईने केले, हे मला मान्य केलेच पाहिजे. मग लोंबत्या चाकावर झोल बरोबर २५ मिलिमीटर ठेवून, "तंबोऱ्याच्या तारेसारखी लागली बघ," असे म्हणत त्यांनी एक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट आवळला.

पुढचे काही दिवस मागे कोणी बसले की गाडी घुरघुरत असे. मग एका सकाळी इंजिनाच्या डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणाखाली, ऑइलचा रुपयाएवढा डाग दिसला. झाकण काढल्यावर शाफ्टच्या सीलमधून ऑइल झिरपत असल्याचे कळले. साइड स्टँडवर मोजपट्टी लावून पाहिले, तर झोल जेमतेम १५ मिलिमीटर होता. दोघे बसल्यावर तर चेन बोटाने दाबूनही हलेना.

याचे कारण सरळ आहे. पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याचा) सांधा आणि मागचा एक्सल यांचे मध्यबिंदू एका रेषेत आले की दोन्ही स्प्रॉकेटमधले अंतर सर्वांत जास्त होते आणि चेन सर्वांत घट्ट होते. चाक लोंबत असते तेव्हा एक्सल त्या रेषेच्या बराच खाली असतो, आणि वजन पडले की तो वर येतो. म्हणजे उचललेल्या चाकावर जो झोल पुरेसा दिसतो, तो रस्त्यावर उरत नाही. "सेंटर स्टँड असता तर असं झालं नसतं," हे काकांचे त्यावरचे उत्तर होते. सेंटर स्टँडवरही चाक असेच लोंबले असते, हे मी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवले, तेव्हा त्यांनी चहा मागितला.

ऑइलचे थोडक्यात सांगते. बहुतेक गाड्यांत पातळी गाडी सरळ उभी असतानाच पाहायची असते. एकटे असाल तर मोबाइल इंजिनावरच्या, ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या खिडकीसमोर ठेवून चित्रीकरण सुरू करावे, गाडीवर बसून ती सरळ धरावी आणि नंतर पाहावे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. काही गाड्यांच्या पुस्तिकेत झोल सेंटर स्टँडवर मोजण्यास सांगितलेले असते. तिथे तेच प्रमाण मानावे. चाक काढायचे असेल, तर साइड स्टँडचा हट्ट धरू नये. त्या कामाला पॅडॉक स्टँडच योग्य आहे. चाक उचललेले असताना इंजिन चालू करून, गिअर टाकून चेन पुसण्याचा उद्योग कोणीही करू नये. काकांच्या हातातली चिंधी एकदा अशीच स्प्रॉकेटने ओढून नेली आहे. बोटे वाचली ती केवळ चिंधी लांब होती म्हणून. आणि एक्सलचा नट आवळताना झोल बदलतो, म्हणून आवळून झाल्यावर तो पुन्हा मोजावा. काकांनी तेव्हा तोही मोजला नव्हता.