दुपारी मूरवर पक्षी दिसतात का?

प्रश्न: मे महिन्यात लेकीकडे इंग्लंडात शेफिल्डला चाललेय. जावई म्हणतात दुपारी मूरवर, म्हणजे तिथल्या झुडपांच्या उघड्या माळरानावर नेतो, सकाळी उठणं काही त्यांच्याच्याने होत नाही. आपल्याकडे तर दहा-अकरानंतर पक्षी चिडीचूप. जाऊन उपयोग आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: जा की बिनधास्त! आपल्याकडे दुपारचा प्रॉब्लेम उन्हाचा, तिथे मेमध्येही स्वेटर लागतो आणि सूर्य मावळतो नऊच्या आसपास, म्हणजे तीनला निघालात तरी भरपूर वेळ आहे. खरा त्रास वाऱ्याचा. विंडचीटर घ्या आणि एखाद्या खडकाच्या आडोशाला चक्क बसून राहा, चालत राहिलं की वाऱ्यात काही ऐकूच येत नाही.

शेफिल्डजवळच्या स्टॅनेज एज या कड्यावर किंवा बर्बेजच्या मूरवर न्यायला सांगा. जांभळ्या हेदरच्या झुडपांचे फोटो बघून जाऊ नका हं, तो बहर ऑगस्टचा, मेमध्ये सगळं तपकिरीच. त्याच झुडपांतून रेड ग्राउस अचानक 'गो-बॅक गो-बॅक' ओरडत उठतो, दचकायला होतं. तो हेदरचे कोंब खाऊन जगतो, त्यामुळे वर्षभर तिथेच. स्टॅनेजच्या कड्यावर रिंग ऊझल बघा, काळा पक्षी, छातीवर पांढरी चंद्रकोर. आफ्रिकेतून आलेला व्हीटइअर दगडावर शेपटी हलवत बसलेला असतो. आणि कर्ल्यू! हिवाळ्यात मुंबईच्या खाडीत चिखलात लांब वाकडी चोच खुपसताना दिसतो ना तोच, पण तिथे जोडीदार शोधताना उंच जाऊन पंख पसरून घरंगळत खाली येतो आणि असा काही गातो की खाडीतला तो हाच यावर विश्वास बसत नाही. कोकिळेचा भाऊबंद कुकूही ऐकू येईल, त्याची मादी मेडो पिपिट नावाच्या चिमुकल्या पक्ष्याच्या घरट्यात अंडी घालते.

एकच गोष्ट कडक सांगते. यातले बरेच पक्षी जमिनीवरच घरटी करतात, त्यामुळे फोटोसाठी पायवाट सोडायची नाही. लेकीचा कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै तिथल्या मोकळ्या माळावर त्याला दोन मीटरच्या आतल्या पट्ट्याने बांधून न्यायचा, कायदाच आहे तसा. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागला तर पिल्लं जवळ आहेत, मुकाट्याने मागे फिरा.

आणि सहाला जावई 'चला आता' म्हणाले तर ऐकू नका. शॉर्ट-इअर्ड आउल हे घुबड दिसायचा चान्स त्यानंतरच जास्त.