चांगली चालणारी राइड थीम पार्कवाले महिनोन्‌महिने बंद का ठेवतात?

'चांगली चालतेय' हे आपल्याला वरवर दिसतं. रोज गेट उघडायच्या आधी मेकॅनिक रूळ, ब्रेक, लॅप बार (मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा) तपासतात आणि रिकाम्या गाड्या फिरवून बघतात. पण काही कामं रात्रीत उरकत नाहीत. रोलर कोस्टरची गाडी पार सुटी करतात. ॲक्सलसारख्या (चाकांच्या आसासारख्या) भागांवरचा रंग काढतात आणि त्यांना चुंबकत्व देऊन वर बारीक लोहकण सोडतात. केसाएवढी भेग असली तरी कण नेमके त्या रेषेवर गोळा होतात. लाकडी कोस्टरच्या रुळाचं तर लाकूडच टप्प्याटप्प्याने बदलावं लागतं.

थीम बदलणं हा वेगळा विषय, आणि चाहत्यांची खरी भांडणं तिथेच! कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची स्प्लॅश माउंटन ही पाण्यातली राइड २०२३ मध्ये बंद झाली, २०२४ मध्ये तियानाज बायू ॲडव्हेंचर म्हणून उघडली. पाण्याचा मार्ग आणि ती मोठी घसरण जवळपास तीच, गोष्ट नवी. मला तरी हे पटलं.

आणि रखडलं म्हणजे फसलं, असंही नाही. तिथल्याच हाँटेड मॅन्शन या भुताच्या हवेलीच्या राइडची इमारत १९६३ पासून नुसती उभी होती. लोकांना आत जायला मिळालं ते १९६९ मध्ये.