तान्हेपणी बाप्तिस्मा ‘झाला’ असेल, तर मोठेपणी तो पुन्हा ‘घ्यावा’ लागतो का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: ख्रिस्ती धर्मातील पाण्याच्या बाप्तिस्म्याचा नेमका अर्थ काय, त्यावाचून तारण, म्हणजे पापापासून सुटका, होते की नाही, आणि तान्हेपणी डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा झालेला असताना मोठेपणी पाण्यात बुडून तो पुन्हा घ्यावा का. यातला तिसरा प्रश्न मलाही विशीत पडला होता. माझा बाप्तिस्मा मी काही आठवड्यांचा असताना झाला आणि अर्थातच मला त्यातले काहीही आठवत नाही. पुढे एका मंडळीच्या पाळकांनी ‘तो बाप्तिस्मा नव्हताच, नुसते डोके ओले झाले होते’ असे ऐकवले, तेव्हा मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो, आणि माझा कल कोणीकडे आहे हेही लपवत नाही.

‘बाप्तिस्मा’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्यामागच्या क्रियापदाचा अर्थ बुडवणे असा असून ग्रीक लेखक ते बुडालेल्या जहाजाबद्दलही वापरत असत. यहुदी लोकांत शुद्धीसाठी पाण्यात उतरण्याची रीत आधीपासून होती, परंतु तिथे माणूस स्वतःच पाण्यात उतरून स्वतःच बुडी मारी. येशूच्या काळातील संदेष्टा योहान मात्र यार्देन नदीवर येणाऱ्यांना स्वतःच्या हाताने बुडवीत असे, आणि म्हणूनच त्याला ‘बाप्तिस्मा करणारा’ हे नाव पडले असावे. त्याचा बाप्तिस्मा पश्चात्तापाचा होता. येशूही त्याच्याकडे आला, तेव्हा ‘मीच आपल्या हातून बाप्तिस्मा घ्यावा’ अशा अर्थाचे बोलून योहानाने त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, असे मत्तय आपल्या शुभवर्तमानात सांगतो. ज्याला पश्चात्तापाची गरज नाही असा येशू पापी माणसांच्या रांगेत येऊन उभा राहिला, ही गोष्ट पहिल्या पिढीतील ख्रिस्ती लोकांनाही अवघडच वाटली असणार, आणि तरीही त्यांनी ती गाळली नाही.

अर्थाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उतारा बायबलमध्ये, प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताच्या मरणात सहभागी होतो, त्याच्याबरोबर पुरले जातो आणि तो जसा उठवला गेला तसे नव्या जीवनात चालू लागतो, असे पौल म्हणतो. त्यामुळे बाप्तिस्मा म्हणजे केवळ मळ धुणे नव्हे. पाण्याखाली जाणे ही कबर आहे आणि वर येणे हे पुनरुत्थान. पुष्कळ प्राचीन बाप्तिस्मागृहे अष्टकोनी बांधलेली दिसतात, त्यामागेही हाच विचार आहे: सात दिवसांची सृष्टी संपल्यावर येणारा आठवा दिवस म्हणजे पुनरुत्थानाचा दिवस. रोममधील लॅटरनचे बाप्तिस्मागृह याच आकाराचे आहे. मुलाला नाव देण्याचा विधी म्हणजे बाप्तिस्मा, ही समजूत बरीच पसरलेली आहे, परंतु नाव तिथे केवळ उच्चारले जाते. तो विधीचा गाभा नव्हे.

आता तारणाविषयी. ‘पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्यावाचून’ देवाच्या राज्यात प्रवेश नाही, हे योहानाच्या (हा योहान वेगळा) शुभवर्तमानातील वचन पुढे केले जाते आणि ते हलके नाही. पण त्याच पवित्रशास्त्रात क्रुसावरच्या गुन्हेगाराला पाण्याच्या थेंबाशिवाय सुखलोकाचे अभिवचन मिळाले, आणि कर्नेल्य या रोमी सेनाधिकाऱ्याच्या घरी जमलेल्यांवर पवित्र आत्मा आधी उतरला व पाणी नंतर आले. कॅथलिक परंपरा बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक मानते, पण बाप्तिस्म्याआधीच ख्रिस्तासाठी रक्त सांडलेल्यांना किंवा मनापासून बाप्तिस्म्याची इच्छा असूनही मृत्यू आलेल्यांना ती बाहेर ठेवत नाही. बॅप्टिस्ट आणि त्यांच्या जवळच्या मंडळ्या म्हणतात की तारण विश्वासाने होते आणि बाप्तिस्मा ही त्याची आज्ञापालनातून दिलेली जाहीर साक्ष आहे. साल्व्हेशन आर्मी आणि क्वेकर या ख्रिस्ती मंडळ्या तर पाण्याचा विधी करतच नाहीत. माझ्या मते देव स्वतःच्या संस्काराने बांधलेला नाही, आपण मात्र आहोत. म्हणून ‘त्यावाचून चालेल का’ असे विचारत तो टाळत राहणे मला पटत नाही.

किती पाणी लागते, या वादात मला फारसा रस नाही, कारण त्याचे उत्तर फार जुने आहे. ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती नियमग्रंथात वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट पाण्यात, आणि तेवढेही नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओतावे, असे सांगितले आहे. म्हणजे बुडवणे ही पहिली पसंती होती, पण ओतणे अमान्य नव्हते. ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही तान्ह्या मुलालासुद्धा तीनदा पाण्यात बुडवतात आणि लगेच तैलाभिषेक करून त्याला प्रभुभोजनही देतात.

शब्दांचा काटेकोरपणा मात्र पाण्यापेक्षा अधिक पाळला जातो. काही ठिकाणी धर्मगुरू ‘मी तुझा बाप्तिस्मा करतो’ याऐवजी ‘आम्ही तुझा बाप्तिस्मा करतो’ असे म्हणू लागले होते. व्हॅटिकनने 2020 साली असे बाप्तिस्मे ग्राह्य नाहीत असा निर्णय दिला, आणि त्या लोकांना नव्याने बाप्तिस्मा घ्यावा लागेल असे ठरले. एका सर्वनामासाठी एवढे कशाला, असे मलाही प्रथम वाटले होते. पण त्यामागे ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताचा जुना विचार आहे की, हात कोणाचाही असो, बाप्तिस्मा करणारा ख्रिस्तच. म्हणून तिथे जमलेल्या समूहाने ‘आम्ही’ म्हणून पुढे येणे बसत नाही. याच विचारामुळे मरणाच्या दारातील माणसाला, योग्य हेतू असेल तर, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, मग देणाऱ्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नसला तरी.

तान्ह्या मुलांचा प्रश्न इथूनच सुटतो किंवा अडतो. मराठीत मोठा माणूस बाप्तिस्मा ‘घेतो’ आणि मुलाचा बाप्तिस्मा ‘होतो’, आणि सगळा वाद या दोन क्रियापदांतच मावतो, असे मला वाटते. ‘घेतो’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की विश्वास आधी आणि पाणी नंतर, आणि तान्हे मूल विश्वास ठेवू शकत नाही. ‘होतो’ म्हणणारे बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील सबंध घराण्यांच्या बाप्तिस्म्याकडे बोट दाखवतात. त्या घरांत तान्ही मुले होती असे कुठेही लिहिलेले नाही, हेही खरे. सुमारे 200 साली टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नये असे लिहिले, म्हणजे ती प्रथा तेव्हा होतीच. उलट चौथ्या शतकात विश्वासी घरांतील माणसेही तो लांबवीत: सम्राट कॉन्स्टंटाइनने 337 साली मरणापूर्वी थोडे दिवस तो घेतला, आणि मोनिकेसारखी भक्त आई असूनही ऑगस्टीनचा बाप्तिस्मा 387 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी झाला.

21 जानेवारी 1525 रोजी झुरिकमध्ये काही जणांनी, तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा मोजायचाच नाही असे ठरवून, मोठेपणी बाप्तिस्मा घेतला. विरोधकांनी त्यांना ‘पुन्हा बाप्तिस्मा करणारे’ म्हटले; ते स्वतः म्हणत की आमचा हा पहिलाच आहे. त्यांच्यातील फेलिक्स मांझ याला 1527 साली नगराच्या आज्ञेने लिमात नदीत बुडवून मारले गेले, आणि त्या शिक्षेतील क्रूर उपरोध शिक्षा देणाऱ्यांना कळत नसेल असे नाही. पुढे जॉन स्मिथ या इंग्रज पाळकाने 1609 साली अॅमस्टरडॅममध्ये, योग्य बाप्तिस्मा देणारा कोणी सापडेना म्हणून, स्वतःच स्वतःचा बाप्तिस्मा केला आणि नंतर आपली घाई झाली असे त्याला वाटू लागले. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो, कारण ‘घेणे’ कितीही मनापासून असले तरी पाणी घालणारा हात दुसऱ्याचाच लागतो.

तेव्हा आपल्यापुरते सांगायचे तर, कॅथलिक, लुथरन किंवा अँग्लिकन मंडळीत जायचे असेल तर पाणी आणि त्रैक्याचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे) नाव यांनी झालेला आपला बाप्तिस्मा ग्राह्य धरला जाईल. जिथे तो झाला तिथल्या नोंदवहीतील उतारा मागवून ठेवावा. नोंद सापडली नाही आणि शंका खरोखरच उरली, तर ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट घालून विधी केला जातो. बॅप्टिस्ट किंवा पेंटेकॉस्टल मंडळीत जायचे असेल तर बहुधा पाण्यात उतरावेच लागेल, आणि तसे केल्याने आधीच्या संस्काराचा अपमान होतो का, हे आपल्या दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे.

मी तो पुन्हा घेतला नाही. पुनरुत्थान रविवारच्या आदल्या रात्री आमच्या मंदिरात सगळे मेणबत्त्या घेऊन उभे राहतात आणि बाप्तिस्म्याच्या वेळचेच प्रश्न धर्मगुरू पुन्हा विचारतात. त्या प्रश्नांना माझ्या वतीने आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी एकदा उत्तर दिले होते. आता दरवर्षी ते मी स्वतः देतो, आणि मग सगळ्यांवर पाणी शिंपडले जाते.