प्लग टेबलावर तापतो, इंजिनात गॅस पेटत नाही

प्रश्न : माझ्या मॉडेल जेटचं टर्बाइन प्रोपेनवर सुरू होऊन मग केरोसीनवर जातं. गॅस पेटवणारा ग्लो प्लग (यात विजेने तापणारी बारीक तार असते) टेबलावर जोडला की छान तापतो. इंजिनात बसवला की मात्र गॅस नुसता फुसफुसत राहतो, किंवा बऱ्याच वेळाने एकदम ‘धप्’ होऊन मागून ज्वाळा येते. प्लग बदलून पाहिला, फरक नाही. प्लग पाकिटातून काढून तसाच लावायचा नसतो का?

उत्तर : तसाच लावायचा नसतो. हा प्लग बनवलाय मेथॅनॉलवर चालणाऱ्या पिस्टन इंजिनासाठी. तिथे तारेची कॉइल प्लगच्या खोबणीत आत दडलेली असते आणि ते बरोबरच आहे, कारण पिस्टन वर येताना मिश्रण दाबून त्या खोबणीत घुसवतो. शिवाय प्लॅटिनमच्या तारेवर मेथॅनॉलची वाफ स्वतःच उष्णता देते, म्हणून इंजिन चालू झाल्यावर बॅटरी काढली तरी तार तापलेली राहते. टर्बाइन सुरू करताना यातलं काहीच नसतं. आतला दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच, आणि गॅस खोबणीच्या तोंडावरून निघून जातो. म्हणून तारेलाच बाहेर गॅसच्या वाटेत आणावं लागतं.

मी हे असं करते. प्लग तोंड वर करून छोट्या व्हाइसमध्ये हलका पकडायचा, बाजूने उजेड घ्यायचा आणि भिंगातून बघत बारीक शिवणाची सुई वापरायची. तारेचं आतलं टोक मधल्या खिळ्याला आणि बाहेरचं टोक प्लगच्या कडेला जोडलेलं असतं. टोकाला धरून ओढलंत तर ते जोडच निखळतात. त्यामुळे सुई वरून दुसऱ्या वेटोळ्याखाली घाला आणि अगदी थोडं थोडं उचला, मग बाजू बदलून पुन्हा थोडं. दोन-तीन वेटोळी तोंडाबाहेर आली, म्हणजे साधारण 2 ते 3 मिलिमीटर, की थांबा. वेटोळ्यांमध्ये तारेच्या जाडीएवढी तरी फट दिसली पाहिजे. दोन वेटोळी एकमेकांना चिकटली तर तेवढी तार वगळून वीज पुढे जाते, उरलेल्या तारेवर जास्त भार येतो आणि ती पांढरी होऊन वितळते. तारेला तीक्ष्ण मुरड पडली असेल तर तो प्लग बाजूला टाका, सरळ करण्याच्या नादी लागू नका. आणि तोंडावर आडवी पट्टी असलेला प्लग मुळात घेऊच नका, त्याची तार बाहेर काढता येत नाही.

आता तुमच्या टेबलावरच्या चाचणीबद्दल. स्थिर हवेत तापलेली तार पाहून काही कळत नाही. चष्मा लावा, प्लगला वीज द्या आणि जोराची फुंकर मारा. फुंकर चालू असतानाही तार सगळीकडे सारखी, उजळ नारिंगी राहिली पाहिजे. काळवंडून तांबडी झाली तर इंजिनात गॅस पेटणार नाही. वेटोळी सुटी झाल्यावर एकमेकांना ऊब देत नाहीत, म्हणून मोकळी केलेली तार पूर्वीच्याच व्होल्टेजवर थोडी थंड राहते. ईसीयूच्या, म्हणजे टर्बाइन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या, मेनूमधून व्होल्टेज अगदी लहान पायऱ्यांनी वाढवा आणि पिवळसर पांढरी झाक दिसायच्या आत थांबा. बरेच ईसीयू वीज तुकड्या-तुकड्यांत देतात, त्यामुळे मल्टिमीटरचा आकडा फसवू शकतो. डोळ्यांना दिसणारा रंगच खरा.

वायरीकडे सहसा कुणी बघत नाही, आणि मला विचाराल तर निम्मी भानगड तिथेच असते. प्लग साधारण 3 अँपिअर ओढतो. क्लिप, जोड आणि बारीक वायर मिळून फक्त 0.1 ओहम रोध असला तरी 0.3 व्होल्ट वाटेतच जातात. दीड व्होल्टच्या प्लगसाठी हा पाचवा हिस्सा झाला आणि उष्णता तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटते. परतीची वाट प्लगच्या अंगातून इंजिनाच्या केसिंगवर आणि तिथून अर्थच्या वायरीत जाते, म्हणून वायसरची बैठक आणि अर्थचा स्क्रू चकचकीत घासून घ्या. फुंकरीची चाचणी शेवटी इंजिनाच्याच वायरीवर करा, प्लगचं अंग केसिंगला टेकवून.

प्लग बसवताना खोलीही बघा. तारेचं टोक ज्वलनकक्षाच्या भोकात आत पोहोचायला हवं, पण त्याच्या पत्र्याला लागता कामा नये, नाहीतर शॉर्ट होईल. कमी-जास्त करायचं असेल तर वेगळ्या जाडीचा वायसर घ्या.

‘धप्’ होणं मला काळजीचं वाटतं. हवेत प्रोपेन साधारण 2 ते 9.5 टक्के असेल तेव्हाच पेटतो. तार थंड असताना गॅस साचत जातो आणि मग सगळा एकदम पेटतो. म्हणून आधी प्लग पूर्ण तापू द्या, स्टार्टर संथ फिरवा आणि मगच गॅस हळू सोडा. काही सेकंदांत तापमानाचा आकडा चढला नाही तर गॅस बंद करून स्टार्टरने आतली हवा झाडून काढा, लगेच दुसरा प्रयत्न नको. केरोसीन आत गेलं असेल तर विमानाचं नाक वर करून ते मागून निथळू द्या. शेजारी कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं आणि ते धरायला माणूस असल्याशिवाय सुरू करूच नका. पावडरवालं वापरलंत तर आग विझेल, पण बेअरिंग जातील.

प्रश्न : त्याऐवजी केरोसीन-स्टार्टचा, म्हणजे गॅसशिवाय थेट केरोसीन पेटवणारा, सिरॅमिक इग्नायटर त्याच भोकात बसवला तर?

उत्तर : नको. त्याला इंधनाची स्वतःची बारीक नळी, वेगळा व्होल्टेज आणि त्यासाठीच लिहिलेला ईसीयूचा क्रम लागतो. बदलायचं तर सगळा संच बदला.

प्रश्न : गारठ्यात सकाळी पहिला स्टार्ट हमखास फसतो, दुपारी होतो. प्लगचाच दोष का?

उत्तर : प्लगच्या आधी गॅसचा डबा तपासा. त्यात ब्युटेन जास्त असेल तर तो शून्याच्या आसपास वाफच धरत नाही, त्याचा उत्कलनबिंदू उणे 0.5 अंश सेल्सिअस आहे. प्रोपेनचा उणे 42. गारठ्यात प्रोपेनचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण घ्या, डबा उभा धरा म्हणजे नळीत द्रव जाणार नाही, आणि निघेपर्यंत तो उबदार खोलीत ठेवा. ज्योतीवर किंवा गरम पाण्यात मात्र कधीही तापवू नका.