ब्लॅक होलमधून काही सुटत नाही, मग जेट चमकतो कसा?

प्रश्न: सर, ब्लॅक होलमधून प्रकाशसुद्धा सुटत नाही, मग त्याच्या जेटमधून, म्हणजे त्याच्याजवळून सुटणाऱ्या कणांच्या झोतातून, रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंत सगळं कसं येतं?
– बारावीची विद्यार्थिनी, सिडको, नाशिक

उत्तर: अगं, जेट आतून येतच नाही! बाहेर गरगरणारा गरम वायू आणि तिथलं चुंबकीय क्षेत्र यातून तो सुटतो, त्यातले इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय रेषांभोवती गोल गोल फिरतात आणि वळताना ऊर्जा फेकतात, हेच सिंक्रोट्रॉन रेडिएशन. कमी ऊर्जेवाले रेडिओ लहरी देतात, जास्तवाले दृश्य प्रकाश, एक्स-रे. गॅमा बऱ्याचदा वेगळ्या वाटेने येतात, इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, धडकतो आणि आपली ऊर्जा त्याला देतो.

एम८७ या दीर्घिकेच्या मधल्या ब्लॅक होलचा जेट खगोलशास्त्रज्ञ कर्टिसने १९१८ मध्येच टिपला होता, पण तेव्हा ते काय आहे कुणालाच माहीत नव्हतं. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की त्यातले एक्स-रे देणारे इलेक्ट्रॉन काही वर्षांतच थकतात तरी जेट हजारो प्रकाशवर्षं एक्स-रेमध्ये दिसतो, म्हणजे वाटेत त्यांना परत परत वेग मिळतोय.

आणि पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश नक्की बघ, एकेक ४५ मीटरची, अशा जेटच्या रेडिओ लहरी तिथे पकडतात.